गझेलवाल्या कुमुदताई

इथे रायपुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या कुमुदताई घाटोळे यांचं टपाल गेली चार वर्षं माझ्या घरी येतं. त्याचं कारण पोस्टमन. त्या भल्या माणसानं एकदा त्यांच्या फाटकात उभं राहून, अगदी मनापासून, "दीदी, एंबेसडर तो बहुत मस्त चमकाई है," असं म्हटलं. कुमुदताई हातात चौदा नंबरचा पाना घेऊन त्याच्या मागे कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत गेल्या. मारायला नव्हे, समजावून सांगायला. पण समजावताना त्यांचा आवाज असा चढला की पानठेलेवाल्यानं चुन्याची डबी खाली ठेवून हात जोडले. तेव्हापासून पोस्टमन त्यांच्या घरासमोरून सायकल जोरात काढतो आणि पत्रं माझ्या हातात देतो. "आप ही दे देना भैया."

ती गाडी अँबेसिडर नव्हती. हेराल्ड होती.

आता मला सांगा, आजकाल रस्त्यावरच्या माणसाला हेराल्ड कशी ओळखू येणार? आणि आली असती तरी ही ओळखू आली नसती. कारण कुमुदताईंनी तिचं छप्पर कापून चार बोटं खाली घेतलं होतं, मागचे दोन दरवाजे बुजवले होते आणि पुढच्या दिव्यांच्या वर पत्र्याच्या भुवया बसवल्या होत्या. तरीही तिला अँबेसिडर म्हणणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता, आणि फियाट म्हणणं हा त्याहून मोठा.

"त्या दोघींचे लाड साऱ्या देशानं केले," त्या म्हणायच्या. "तिसरीकडं कोनी पाहलं काय?"

कुमुदताईंचा धंदा हाच. धंदा म्हणायचं एवढंच, कारण विकलेली गाडी मी तरी पाहिली नाही. ज्या गाड्या बाजारात आल्या आणि कोणी घेतल्या नाहीत, किंवा घेऊन टाकून दिल्या, तसल्या शोधून आणायच्या आणि त्यांतून आपल्या मनातली गाडी घडवायची. वय सहासष्ट. अंगात सलवार-कुर्ता, त्यावर वडिलांचा खाकी शर्ट. चष्म्याची दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. लग्न केलं नाही. वडिलांचं सदर बाजाराच्या मागे गॅरेज होतं. दोन्ही मुलगे पुस्तकात डोकं घालून बसायचे आणि ही मुलगी हातोडी घेऊन पत्र्याचे पोचे काढायची. मुलगे शिकून हापिसात गेले, मुलगी गॅरेजात राहिली. वडील गेल्यावर ते गॅरेज उठलं, आणि ताई सगळी अवजारं घेऊन शंकर नगरातल्या आमच्या शेजारच्या घरात आल्या. त्याला सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत एकही दिवस त्या कोणावर चिडल्या नाहीत असं झालं नाही.

सकाळी सात वाजता हातोडी सुरू व्हायची. कॉलनीच्या समितीनं एकदा तक्रार केली. ताई सभेला आल्या आणि कोणाच्या घरी कुठल्या वेळी कसला आवाज होतो ते एकेकाच्या तोंडावर सांगितलं. अध्यक्षांच्या मुलाच्या मोटारसायकलचा सायलेन्सर काढलेला होता, त्यावर त्या पाव तास बोलल्या. सायलेन्सर काढल्यानं इंजिनाचं काय होतं हेही त्यात आलं. तक्रार तिथेच मिटली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः सायलेन्सर बसवून घेतला, ताईंकडूनच.

त्यांचं कौतुक करणं तर फार अवघड. सुरुवातीला मी एकदा नुसतं "छान" म्हटलं होतं.

"छान म्हंजे काय? काय छान? सांग."

मी सरकारी हापिसातला हेडक्लार्क, मला फायलीतलं छान कळतं. पण हळूहळू शिकलो. म्हणजे असं म्हणायचं की ताई, डाव्या मडगार्डची गोलाई आता उजव्याशी जुळली. मग त्या जवळ येऊन डोळा बारीक करून पाहायच्या आणि म्हणायच्या, "जुळली कुठं? दोन सूत फरक हाय." आणि पुन्हा ठोकायला बसायच्या. ही त्यांची खूश होण्याची रीत. माझी बायको मंजू मात्र पहिल्याच आठवड्यात त्यांच्याशी जमवून बसली. तिचं शिलाई मशीन अडलं होतं, ते ताईंनी शिव्या देत उघडलं आणि शिव्या देत बंद केलं. आज सहा वर्षं ते लोण्यासारखं चालतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांना कोणीतरी सांगितलं की धमतरीच्या रस्त्यावर एका बंद राईस मिलच्या मागे दोन जुन्या गाड्या उभ्या आहेत. मला सोबत नेलं. मिलचा म्हातारा मालक मोठ्या अगत्यानं आम्हाला एका फियाटजवळ घेऊन गेला. गाडी खरंच चांगली होती. झाकून ठेवलेली, टायरमध्ये हवा. ताईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सरळ पलीकडच्या बाभळीखाली गेल्या. तिथे एक गाडी चाकांपर्यंत मातीत रुतलेली होती. आत कोंबड्या होत्या. मागच्या सीटवर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"गझेल हाय ही," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. मग मला समजावून सांगितलं की ही मद्रासकडे थोडीच वर्षं बनली. फार कोणी घेतली नाही, मग बनायची बंद झाली. "गझेल म्हंजे हरीण."

मालक म्हणाला, दीदी, त्यातलं काही कामाचं नाही, फियाट घ्या, हिचे पार्टही मिळत नाहीत. मीही म्हटलं की ताई, बरोबर म्हणतात ते.

झालं. त्या माझ्यावर उसळल्या. "तिले तं कोनीही घेईन. इले कोन घेईन? तू घेशील काय?"

मी घेणार नव्हतो. शेवटी त्यांनीच घेतली. कोंबडीची अंडी फुटेपर्यंत, म्हणजे पिल्लं बाहेर येईपर्यंत, तीन आठवडे थांबल्या आणि मग ट्रॅक्टर लावून गाडी ओढून आणली.

पुढची अडीच वर्षं आमच्या भिंतीपलीकडे ती गाडी घडत होती. इंजिन गेलेलंच होतं. तिथे एका मोडीत निघालेल्या लहान व्हॅनचं इंजिन बसवलं. खालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता, तो सगळा नवा घातला. मागचा भाग कापून तिथे सागवानी पट्ट्यांची लांबट पाठ केली, तासून, रंधून, तेल पाजून. सुताराला बोलावलं होतं, पण तिसऱ्या दिवशी तो रागावून गेला, मग ताईंनी स्वतः रंधा हाती घेतला. रंगासाठी तर सहा महिने गेले. दुकानातला कोणताच पिवळा त्यांना चालेना. शेवटी त्यांनी ओंजळभर मोहाची फुलं रंगाच्या दुकानात काउंटरवर ओतली आणि सांगितलं की हा पाहिजे. दुकानदारानं चौदा वेळा रंग कालवला. पंधराव्यांदा ताईंनी डबा हिसकावून स्वतःच कालवला.

गाडी तयार झाली तेव्हा मी भिंतीशी उभा राहून बराच वेळ पाहत राहिलो. असली गाडी जगात दुसरी नव्हती. पुढून हरणासारखी बारीक, मागून एखाद्या जुन्या पेटीसारखी भक्कम. मी म्हटलं, "ताई, लाकूड जिथे पत्र्याला भेटतं तिथे नख जात नाही."

"जाते," त्या म्हणाल्या. "खाली डाव्या कोपऱ्यात जाते." आणि तोंड फिरवून घेतलं.

याच सुमारास शहरात जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन भरलं. मीच आग्रह केला. ताई नको नको म्हणत होत्या, पण आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाकं पुसत होत्या. सकाळी आम्ही गझेल घेऊन मैदानावर गेलो. मी शेजारी बसलो होतो. रस्त्यावरची माणसं वळून वळून पाहत होती आणि ताई प्रत्येकाला मनातल्या मनात शिवी देत होत्या, हे त्यांच्या जबड्यावरून मला कळत होतं.

मैदानात एक टोपीवाले परीक्षक होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून इंजिन पाहिलं आणि हातातल्या कागदावर फुली मारली. "मैडम, ये तो ओरिजिनल नहीं है."

"ओरिजिनल थी तब किसने ली?" ताईंनी विचारलं.

परीक्षकांनी नियम दाखवला. ताईंनी नियमाच्या कागदावर बोट ठेवून तो कोणी लिहिला, त्याच्या हातानं कधी एक तरी बोल्ट फिरवला आहे का, असं विचारायला सुरुवात केली. आमची गाडी स्पर्धेतून काढली आणि मैदानाच्या टोकाला, गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्याशेजारी उभी करायला सांगितली. तिथेच खरी गर्दी झाली. परीक्षकांच्या चकचकीत गाड्या सोडून लोक तिकडे येत होते. ताई मात्र तिथे नव्हत्या. त्या अजून परीक्षकांच्या टेबलाशी भांडत होत्या.

आणि तेवढ्यात ती बातमीदार आली. तरुण बाई, घाईत. तिनं मला विचारलं, "सर, ये गाड़ी आपकी है?"

इथे माझं चुकलं. मी म्हणालो, हो, आमचीच. म्हणजे आमच्या घराशेजारची, असं पुढे म्हणणार होतो, पण तिनं लिहूनही घेतलं होतं. मग तिनं लांबवर हातवारे करणाऱ्या ताईंकडे बोट दाखवून त्या कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, "दीदी हैं हमारी." सारं रायपूर त्यांना दीदीच म्हणतं. तिनं माझं नाव विचारलं, ताईंचं विचारलं, बोनेटवर हात ठेवून मला उभं केलं आणि फोटो काढला. खोटं कशाला सांगू, फोटोच्या वेळी मी पोट आत घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो. खाली लिहिलं होतं की शंकर नगरच्या अरविंद सरोदे यांनी आपली बहीण कुमुद हिच्या मदतीनं एका जुन्या फियाटला नवं रूप दिलं.

सात वाजता हातोडीचा आवाज आला नाही. पेपर हातात घेऊन ताईच आल्या. मी सोफ्याच्या कडेला बसून राहिलो. त्या अर्धा तास बोलल्या. फियाट! डोळे फुटले काय यांचे? शाळेत शिकले का नाही? गझेल तीन अक्षरं हाय, तीन अक्षरं लिहिता येत नाई काय? आमचा पेपरही त्यांनी उचलून नेला. मी मान खाली घालून ऐकत होतो. मला वाटत होतं, त्या फियाटवर बोलतायत ती नुसती सभ्यता. खरा राग आहे तो श्रेय माझ्या नावावर गेल्याचा. अडीच वर्षं या बाईनं रक्त आटवलं आणि फोटो कोणाचा, तर हेडक्लार्कचा. मलाच माझा राग आला.

मी आयुष्यात कधी कुठल्या टेबलावर हात आपटला नव्हता. त्या दिवशी पेपरच्या हापिसात जाऊन आपटला. ताईंजवळ राहून एवढं तरी शिकलोच होतो. तिथल्या माणसानं सांगितलं की छोटी बात है, छोड़िए. मी म्हटलं, छोटी नाही. भूल सुधार छापल्याशिवाय मी इथून उठणार नाही. मजकूर मी स्वतः लिहून दिला, सरकारी भाषेत, एकही शंका राहू नये असा. चौथ्या दिवशी तो आतल्या पानावर आला.

"भूल सुधार. उक्त गाड़ी श्री अरविंद सरोदे ने नहीं, सुश्री कुमुद घाटोळे ने बनाई है. सुश्री घाटोळे श्री सरोदे की बहन नहीं हैं, केवल पड़ोसी हैं. गाड़ी फिएट नहीं, गझेल है."

मी तो कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून ताईंना नेऊन दिला. त्यांनी चष्मा सारखा करून वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "बरं केलं." आणि फाटक हळूच लावून घेतलं.

सहा वर्षांत त्या बाईंना मी इतक्या शांतपणे बोलताना ऐकलं नव्हतं.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, शिवी नाही. मी पत्रं द्यायला गेलो की "ठेव" म्हणायच्या. मी मुद्दाम एकदा गझेलला फियाट म्हणून पाहिलं. त्यांनी नुसतं "हव" म्हणून होकार दिला. मग मात्र माझंच डोकं फिरलं. एवढं केलं यांच्यासाठी, साहेबाकडून अर्धी सुट्टी मागून घेतली, अनोळखी माणसांशी भांडलो, आणि हे बक्षीस? मी घरात आदळआपट करू लागलो. मंजूला म्हटलं, त्या बाईला माणुसकी नाही, पत्र्यात राहून पत्र्याची झाली आहे.

दिवाळी आली. मंजू फराळाचं ताट त्यांच्याकडे देऊन आली आणि स्वयंपाकघरात न जाता माझ्यासमोर येऊन बसली.

"तुमी तिकडं काय छापून आनलं ते एकदा वाचून पाहलं काय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मीच लिहिलेलं, वाचायचं काय त्यात.

तिनं मधली ओळ मला म्हणून दाखवली. की बहन नहीं हैं, केवल पड़ोसी हैं. मग तिनं मला जे सांगितलं ते तिला फार पूर्वी, शिलाई मशीन उघडं असताना, ताईंनी सांगितलं होतं. ताईंच्या थोरल्या भावाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. ताई गॅरेजातून थेट गेल्या होत्या. साडी नवीन होती, पण नखांतलं काळं निघालं नव्हतं. व्याह्यांनी विचारलं, या कोण? भाऊ म्हणाला, आमच्या ओळखीच्या आहेत, बाबांच्या गॅरेजात असतात. ताई जेवून आल्या. भांडल्या नाहीत. पण त्यानंतर दोघांपैकी एकाही भावाकडे त्या गेल्या नाहीत, आणि तेही आले नाहीत. याला चौदा वर्षं झाली.

"आता तुमी पेपरातून साऱ्या शहराले सांगितलं," मंजू म्हणाली, आणि आत गेली.

मला त्या भावाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी दुसऱ्यांदा टेबलावर हात आपटला असता. पण तो समोर नव्हता. समोर मी होतो.

भाऊबीजेला सकाळी आंघोळ करून, धुतलेला कुर्ता घालून मी ताईंच्या फाटकातून आत गेलो. मंजूनं एक साडी दिली होती ती काखेत. ताई एका सुट्या दरवाजावर कानस चालवत बसल्या होत्या. वर न पाहता त्यांनी काय काम आहे म्हणून विचारलं.

"ओवाळून घ्यायला आलो."

"कोनाकडून?"

"तुमच्याकडून."

कानस चालूच राहिली. "पेपरात तं आलं का मी तुही कोनी नाई."

"ते मीच छापवून आणलं. माझं चुकलं, ताई."

कानस थांबली. त्या उठून उभ्या राहिल्या आणि मग जो राग आला तो सहा वर्षांत आला नव्हता असा. पेपर, परीक्षक, भाऊ, व्याही, मी, कोणालाच सोडलं नाही. मी उभा राहून ऐकत होतो. अंगावर पाऊस घ्यावा तसं बरं वाटत होतं.

"तुले म्हटलं होतं काय मी सुधारून आन म्हनून?" त्या म्हणाल्या. "फियाट लिहिलं ते चुकलं होतं. मी फियाटवर बोलून राहिली होती. बाकीच्यावर बोलली होती काय मी? एक शब्द तरी?"

मी आठवून पाहिलं. खरंच, एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

बोलून दम लागला तेव्हा त्या आत गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा हात घासून घासून लाल झाले होते आणि खाकी शर्ट काढून ठेवला होता. हातात ताट होतं. त्यात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. मी गाडीच्या एका सुट्या सीटवर बसलो, कारण दुसरं काही बसायला नव्हतं. ताई ताट घेऊन उभ्याच राहिल्या.

"आधी कुंकू का आधी सुपारी?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. माझी बहीण पुण्याला असते. ती ओवाळते तेव्हा मी नुसतं कपाळ पुढे करतो.

"इतकं बी मालूम नाई तुले," त्या करवादल्या, आणि भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "मंजू, ये वो इकडं."

मंजू पिठाच्या हातानंच आली. तिनं सांगितलं तसं ताईंनी आधी कुंकू लावलं. मग एक पाऊल मागे होऊन, डोळा बारीक करून माझ्या कपाळाकडे पाहिलं. टिळा त्यांना सरळ वाटला नाही. पदर नव्हता म्हणून ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. पुन्हा मागे जाऊन पाहिलं. पुन्हा पुसला. मंजू म्हणाली, ताई, पुरे, चांगला झाला. त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. डाव्या हातानं माझी हनुवटी धरून मान सरळ केली आणि "हलू नको," म्हणाल्या.

मी हललो नाही.